हात लावून पाहणारा माणूस

तुळशीराम हिवाळे यांच्यावर अन्याय झाला. गेल्या वर्षी, करीच्या म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, सुलतानपूरपासून आत गेलेल्या एका गावात, स्मशानशेडच्या लोखंडी फाटकासमोर. तेव्हा ते जिवंत नव्हते. त्यांची तिरडी खांद्यांवर होती, वरून पाऊस चालू होता, फाटकाला कुलूप होतं आणि कुलपाच्या आत, शेडच्या पत्र्याखाली, गावातली पंधरा-वीस माणसं कोरडी उभी होती.

गावाचं नाव लिहीत नाही. प्रकरण कोर्टात न्यायचंय आणि वकिलांनी तसं बजावलंय. बाकी सगळं लिहिते.

हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण हिवाळे काकांनीच मला तसं शिकवलं. संघटनेसाठी मी लिहिलेली पत्रकं ते चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि वैतागायचे. म्हणायचे, "जाहीर निषेध तू लय मोठ्या अक्षरात छापते पोरी. पन कोनावर झालं, कधी झालं, कुठी झालं, हे खाली बारीक. उलटं कर. कोनाचं काय बिघडलं ते पह्यले सांगा लागते. मंग कर निषेध, दिवसभर कर."

त्यांची माझी ओळख अशाच एका पत्रकाच्या फेरीत झाली. मी चिखलीहून स्कूटीवर शिष्यवृत्तीबद्दलची पत्रकं घेऊन त्यांच्या गावात आले होते आणि विहाराजवळच्या कडुनिंबाखाली गाडी लावून बायकांशी बोलत होते. एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा म्हातारा आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ माझ्या गाडीभोवती फिरायला लागला. चाक दाबून पाहिलं, ब्रेकची तार बोटांत धरून ओढली, आरसा हलवला, गाडीच्या पोटाखाली हात घालून तेलाचा ओघळ पुसून घेतला आणि ते बोट नाकाला लावलं. मला वाटलं, डोक्यानं थोडा सरकलेला असावा. मग त्यानं विचारलं, "कोन्त्या भरवशावर चालवून राह्यली ही? मागचा ब्रेक तं नुसता नावाले हाये."

मी म्हटलं, आत्ताच सर्व्हिसिंग झालंय.

"झालं आसंन. तू हात लावून पाह्यलं का?"

नव्हतं पाहिलं. त्यांनी घरून पाना आणला, मातीत बसून ब्रेक आवळला आणि पत्रक न वाचताच खिशात घातलं. जाताना म्हणाले, "शंका जमिनीवर काढा लागते. उडाल्यावर नाई."

मागून बायका हसत होत्या. एकीनं सांगितलं की हे विमानवाले बाबा. खाटेवर बसायच्या आधीसुद्धा खाट तपासतात.

हवाई दलात ते फ्लाइट इंजिनिअर होते. मालवाहू विमानात पुढे दोन वैमानिक बसतात आणि त्यांच्या मागे, घड्याळांसारख्या तबकड्यांच्या भिंतीसमोर, तिसरा माणूस बसतो. तो तिसरा माणूस म्हणजे काका. वैमानिक व्हायचं मनात होतं, पण जमलं नाही. याबद्दल त्यांना दलाचा राग नव्हता. ते म्हणत, "पायलट व्हायले कालेज लागे. आमच्या घरी कालेज म्हंजे एसटीतून दिसनारी इमारत." मॅट्रिक होऊन भरती झाले, वर्षानुवर्षं परीक्षा देत वर चढले आणि बर्फातल्या चौक्यांवर रसद नेणाऱ्या विमानांत उडाले. आमच्या जिल्ह्यातल्या किती बौद्धवाड्यांतून तेव्हा कोणी विमानात बसलं होतं, मला माहीत नाही. त्यांच्या वाड्यातून तरी कोणीच नाही. वाड्यातल्या बायकांनी पुढे कितीतरी वर्षं आकाशातलं प्रत्येक विमान तुळशीरामचंच समजून त्याच्याकडे पाहून हात हलवला.

उड्डाणाआधी विमानाला पूर्ण चक्कर मारायची आणि प्रत्येक गोष्टीला हात लावायचा, हा त्यांचा नियम. नुसतं बघून चालत नाही. "डोळ्याले तडा दिसत नाई, बोटाले लागते," असं ते सांगत. आयुष्यभर ज्या माणसानं पोटासाठी स्पर्श केला, तो निवृत्त होऊन जिथं परत आला तिथं त्याच्या स्पर्शालाच लोक घाबरत होते. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते तिथंच जन्मले होते. पण मधल्या वर्षांत मेसमध्ये सगळ्यांची ताटं एकाच टबात धुतली गेली होती आणि त्या टबाचं त्यांना फार कौतुक होतं. "वर गेल्यावर जात इचारायले ऑक्सिजन पुरत नाई," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

गावानं त्यांना 'विमान्या' म्हणायला सुरुवात केली. एकदा सरपंचांनी नवा ट्रॅक्टर आणला, पारावर पूजा चालली होती. काका रस्त्यानं जात होते. थांबले, नव्या यंत्राचं कुणाला कौतुक नसतं, आणि सवयीनं बॉनेटवर तळहात ठेवला, मग पुढचं चाक हलवून पाहिलं. सरपंचांच्या घरची एक बाई बादली घेऊन आली आणि सगळ्यांसमोर ट्रॅक्टर धुवायला लागली. काका तिथून हलले नाहीत. ते म्हणाले, "धुवा, धुवा. जाळीतबी पानी मारा, कचरा हाये." हे सांगताना काका हसले होते. मी हसले नाही. माझ्या पिढीला हे विनोद म्हणून ऐकता येत नाही.

आणि हेच गाव सव्वीस जानेवारीला त्यांना शाळेच्या स्टेजवर बसवायचं. छातीवर पदकं, खांद्यावर शाल, माजी सैनिक म्हणून टाळ्या. चहा मात्र स्टेजवर सगळ्यांना स्टीलच्या कपात आणि काकांना कागदी कपात. सरपंच म्हणाले, काका, हे हायजिनिक असतं. काका म्हणाले, "मंग तुमीबी हायजिनिक प्या ना." पुढच्या वर्षी सगळ्यांनाच कागदी कप आले. काका म्हणाले, हा माझा विजय. मी म्हटलं, हा विजय नाही, ही पळवाट आहे. ते म्हणाले, "तू लय कडू हायेस पोरी."

त्यांच्या घरात एक पत्र्याचं कपाट होतं. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला, जिथं लोक देवाचा फोटो लावतात तिथं, कुठल्यातरी जुन्या परदेशी मासिकातून कापलेलं एक चित्र चिकटवलेलं होतं. एका विमानासमोर उभे असलेले काही काळे तरुण, कातडी टोप्या घातलेले. विमानाची शेपटी लाल. युनिटच्या वाचनालयात ते मासिक रद्दीत निघालं तेव्हा काकांनी मागून घेतलं होतं. त्या तरुणांना ते 'लाल शेपटावाले' म्हणत आणि त्यांच्याविषयी बोलताना नात्यातल्या माणसांविषयी बोलावं तसं बोलत. वाड्यात त्यांची गोष्ट न ऐकलेलं पोर नसेल. मीही कितीदा ऐकली.

दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट. अमेरिकेच्या लष्करातले मोठे लोक म्हणत होते की काळ्या माणसाला विमान उडवणं जमायचं नाही, त्याच्यात तेवढी अक्कल आणि धीर नाही. शेवटी दडपण आलं म्हणून शिकवलं, पण वेगळ्या तळावर, वेगळ्या तुकडीत. हे लोक युरोपात गेले, बॉम्बफेकी विमानांच्या सोबतीला राखण म्हणून उडाले, मेले, कैद झाले, पदकं मिळवली. युद्ध संपून बोटीनं घरी आले तर जिना उतरताच पाटी: गोरे या बाजूनं, काळे त्या बाजूनं. इथं काका थांबायचे. पोरांकडे बघायचे. "कोन्ता गाव आठोला?" असं विचारायचे आणि पोरं एका सुरात आपल्या गावाचं नाव सांगायची.

पण त्यांचा सगळ्यात लाडका भाग लढाईचा नव्हता. क्लबाचा होता. एका तळावर अधिकाऱ्यांसाठी दोन क्लब केले, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. काळे अधिकारी गणवेशात, शांतपणे, दोघं-तिघं मिळून गोऱ्यांच्या क्लबात शिरायला लागले. त्यांना अटक झाली. मग वरिष्ठांनी एक कागद पुढं केला: हा वेगळ्या क्लबांचा नियम आम्ही वाचला, समजला, खाली सही करा. शंभरावर जणांनी सही केली नाही. युद्धाच्या काळात वरिष्ठाचा हुकूम मोडला तर देहांत शासन होऊ शकत होतं, आणि हे त्यांना वाचून दाखवलं गेलं होतं. तरी केली नाही.

"त्याहिले क्लब नव्हता का? होता," काका म्हणत. "खुर्च्या होत्या, दिवे होते. समदं होतं. वेगळं होतं, येवढंच. अन् येवढंच समदं असते."

आता शेडकडे येते.

गावाची स्मशानशेड सरकारी पैशातून झाली. सिमेंटचा ओटा, वर पत्रा, बाजूला पाण्याची टाकी, भोवती तार, लोखंडी फाटक. सार्वजनिक. बौद्धवाड्याचे मुर्दे मात्र नाल्याच्या काठावर, उघड्यावर. उन्हाळ्यात चालून जातं. पावसाळ्यात नाला काठ सोडून येतो, लाकूड पेट घेत नाही, मग डिझेल, मग जुने टायर. ज्यांनी आपल्या माणसाला टायरच्या धुरात जाताना पाहिलं नाही त्यांना हे सांगून कळायचं नाही. शेड सगळ्यांना उघडी करा, असा काकांनी ग्रामपंचायतीत अर्ज केला. मग दुसरा. त्यांचा एक भाबडा विश्वास होता, आणि तो नोकरीत पक्का झाला होता. विमानात बिघाड दिसला आणि त्यांनी तसं लिहिलं की बिघाड निघेपर्यंत ते विमान उडत नसे, मग आत कोणीही मोठा साहेब बसायचा असो. त्यांना वाटायचं, ग्रामपंचायतीतही असंच असणार. लिहून दिलं म्हणजे थांबणार. मी कितीदा सांगितलं की काका, इथं बिघाडासकटच उडतात.

एका उन्हाळ्यात सरपंच स्वतः वाड्यात आले. अतिशय गोड बोलले. म्हणाले, बौद्धवाड्यासाठी स्वतंत्र शेड मंजूर करून आणतो, गावच्या शेडीपेक्षा चांगली, फरशी बसवून देतो, बसायला बाकं देतो. फक्त वाड्यानं एक संमती लिहून द्यायची की आम्हाला आमची वेगळी जागा मान्य आहे. विहारात बैठक बसली. अर्ध्याहून जास्त वाडा तयार होता, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पावसाळा तोंडावर होता. काकांचा चुलतभाऊ भिकाजी उठून म्हणाला, आपल्याले छत पायजे का भांडन? त्याची आई तेव्हा अंथरुणावर होती, त्याला छत हवं होतं. कागद फिरत फिरत काकांकडे आला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी हात फिरवून पाहिला, जसं ते सगळंच पाहत, आणि खाली ठेवला. म्हणाले, "मी सही नाई करत. तुमी करा, मी आडवा येनार नाई. पन माह्यी नाई."

वाड्यात सगळ्यांत शिकलेला, फिरलेला, पेन्शनवाला माणूस सही करत नाही म्हटल्यावर बाकीच्यांचेही हात आखडले. कागद कोराच गेला. सरपंच जाताना हसून म्हणाले की विमान्यानं तुम्हाला अमेरिकेत नेऊन सोडलंय, आता येताना तुमचे तुम्ही या.

आषाढात भिकाजीची आई वारली. पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. वाड्यानं नाल्याच्या काठावर, त्यातल्या त्यात उंच जागा पाहून सरण रचलं. वर ताडपत्री धरून चौघं उभे राहिले, ताडपत्री पेटायला लागली म्हणून सोडली. मी तिथं होते. सरण अर्धं जळून विझलं. पुन्हा पेटवलं, पुन्हा विझलं. पुढचं लिहीत नाही, भिकाजी हे वाचणार आहे. पलीकडे, दिसेल इतक्या अंतरावर, गावची शेड रिकामी होती. ओटा कोरडा होता.

भिकाजी काकांजवळ आला. तोंडावरून पाणी चाललं होतं. तो ओरडला नाही. म्हणाला, "दादा, तुह्या अमेरिकेनं माह्या मायले पुरं जळूबी देल्लं नाई." मग तो काकांशी कधीच बोलला नाही. शेवटपर्यंत.

त्या दिवसानंतर काका खचले. बाहेर पडेनासे झाले. त्यांच्या पत्नी सुभद्रा काकू सांगायच्या की जेवताना घास हातात धरून बसतात. मी गेले तेव्हा ते कपाटाचं दार उघडून त्या चित्रासमोर खुर्ची टाकून बसले होते. मला न बघताच म्हणाले, "या लोकाहिले धाक होता तो स्वतःच्या जिवाचा. त्याहिनं सही नाई केली तं मरनार तेच होते. मी सही नाई केली अन् भोगलं भिकाजीच्या मायनं. हे बरोबर हाये का, सांग." माझ्याकडे पत्रकात छापायची वाक्यं पुष्कळ होती. त्यातलं एकही तिथं चालत नव्हतं. काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांनीच उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, तिले तुमी नाई जाळलं अर्धवट. कुलूप तुमी लावलं व्हतं का?

काकांनी त्यावर जे केलं ते फक्त काकाच करू शकत होते. विमान उभं असताना जिथं काही बंद असतं, अडकवलेलं असतं, तिथं लाल फीत बांधून ठेवतात. ती फीत दिसली की कोणीही उड्डाणाचा विचार करायचा नाही, आधी ती सोडवायची, मगच पुढे. काकांनी काकूंच्या जुन्या लाल लुगड्याची पट्टी फाडली, भर दिवसा चालत गेले आणि स्मशानाच्या फाटकाला, कुलपाच्या कडीतून, पक्की गाठ मारून बांधली. इथं बिघाड आहे, पुढे जाऊ नका. त्यांच्या भाषेत याहून स्पष्ट काही नव्हतं.

गावाला ती भाषा येत नव्हती. दुसऱ्याच दिवशी जिवतीची, म्हणजे आषाढाची, अमावस्या होती. स्मशानाच्या फाटकावर लाल कापड, तेही अवसेच्या तोंडावर, तेही ज्याच्या वाड्यात नुकतंच मुर्दं अर्धवट राहिलं त्यानं बांधलेलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की विमान्यानं करणी केली. ज्या माणसानं देव, धर्म, अंगारा, धुपारा यातलं काही कधी मानलं नाही, त्याच्या नावानं बाया लेकरांना मीठमिरची ओवाळायला लागल्या. मी काकांना हे सांगितलं तेव्हा ते खूप दिवसांनी हसले. म्हणाले, "चाळीस वर्षं फीत बांधली, कोनी भेलं नाई. आता भेतात तं भिऊ दे."

आणि मग सरपंचांचे वडील वारले.

हे कुणी घडवून आणलं नव्हतं. म्हातारा नव्वदीचा होता, बरेच दिवस आजारी होता. पण तिरडी फाटकापाशी आली आणि थांबली. कुलपाची किल्ली होती, पण कडीतून गाठ होती आणि त्या गाठीला हात लावायला कुणी तयार होईना. विळा आणला, तोही कुणी हातात घेईना. भगत म्हणाला, ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, नाहीतर पुढचं मुर्दं सोडणाऱ्याच्या घरात. पाऊस भुरभुरत होता. सरपंचांचा पुतण्या मोटारसायकलवर वाड्यात आला. गाडीवरून न उतरताच त्यानं फाटकाच्या दिशेनं हात केला. काका म्हणाले, "बस, येतो." आणि चपला घातल्या.

मी त्या दिवशी वाड्यातच होते. रस्ताभर काकांच्या मागे चालत सांगत होते की हीच वेळ आहे. नंतरचं आश्वासन नको, तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर कबूल करून घ्या की आजपासून फाटक सगळ्यांना उघडं. मगच गाठ सोडा. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. फाटकापाशी गर्दी बाजूला झाली. सरपंच डोक्यावर पांढरा रुमाल, हातात मडकं, समोर बापाची तिरडी. काकांनी गाठीवर बोटं ठेवली. मी मागून परत म्हटलं, काका. ते वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मुर्दं समोर ठेवून सौदा नाई करत पोरी. मंग त्याहिच्यात अन् माह्यात फरक काय राह्यला?"

गाठ सोडली. ओली होऊन बसली होती, त्यांना बराच वेळ लागला. मग तिथंच, सवयीनं, त्यांनी फाटकाची बिजागरी हलवून पाहिली आणि म्हणाले, याले तेल द्या. सरपंचांनी मडकं खाली ठेवून दोन्ही हात जोडले. उपकार विसरणार नाही म्हणाले. तिरडी आत गेली. काका बाहेर उभे राहिले. कोणी आत या म्हटलं नाही, म्हणून त्यांनी बाहेरूनच सलामी दिली आणि पूर्ण जळेपर्यंत तिथंच थांबले.

मी चिडले. आजही चिडलेली आहे. काका थोर होते म्हणून मी शांत व्हावं, असं मला कुणी सांगू नये. त्या दिवशी अडवायला हवं होतं असं मला वाटतं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. ते म्हणाले, "तुह्यं बरोबर आसंन. पन माह्यानं नसतं झालं."

पुढच्या वर्षी पोळ्याच्या संध्याकाळी ते गेले. छातीत दुखलं, काकूंना सांगितलं, उठून दाराची कडी काढून ठेवली म्हणजे कोणी आलं तर अडकू नये, आणि खाटेवर पडले. मुलगा मिलिंद पुण्याहून पहाटेपर्यंत आला. त्याचं म्हणणं, बाबांना शांतपणे नाल्यावर नेऊ, आता वाद नको. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाल्यावर न्यायचं आसंन तं मले अगोदर उचलून बाजूले करा."

सरपंचांना फोन लावला. एकदा उचलला, बघतो म्हणाले. नंतर बंद. चिखलीहून दोन माजी सैनिक आले होते, ते पुढे चालले. फाटकापाशी पोचलो तर आत माणसं आधीच येऊन उभी. मिलिंदनं विचारलं, काऊन उघडत नाई? आतून एकजण म्हणाला, "तुमची जागा हाये ना तिकडं? आमी येतो का कधी तुमच्या जागेत?" अगदी शांत आवाजात, समजावल्यासारखं. मी आतल्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. त्यातले निम्मे मागच्या वर्षी सरपंचांच्या वडिलांच्या तिरडीबरोबर बाहेर ताटकळलेले होते. पुतण्या होता. सरपंच नव्हते.

आम्ही तिरडी खाली ठेवली नाही. खांदे बदलत उभे राहिलो. पोलीस आले. त्यांनी फाटक उघडायला सांगितलं नाही, आम्हाला मागे व्हायला सांगितलं. गावात शांतता राहिली पाहिजे, मयताची विटंबना होते आहे, तुम्ही सुशिक्षित आहात, असं म्हणत राहिले. दुपार कलली, शरीर किती वेळ ठेवणार, मिलिंद रडायला लागला. शेवटी नाल्यावर नेलं. पोलिसांनी ताडपत्री दिली, याची नोंद त्यांनी मदत म्हणून केली आहे. गर्दीतून वाट काढत भिकाजी आला. कुणाशी बोलला नाही. काठावर चिखलात गुडघ्यावर बसून त्यानं सरणाचं एकेक लाकूड हातात घेऊन, ओलं कोरडं पाहून, वेगळं केलं. काका तरी पूर्ण जळाले. ते त्याच्यामुळे.

तक्रार दिली. गुन्ह्याऐवजी नुसता अर्ज घेतला. ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं, तुम्हाला कोणी लेखी नाकारलंय का? मी म्हटलं, कुलूप लेखी असतं का? त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. आता कोर्टात जायचंय आणि साक्षीला फक्त आमच्याच बाजूची माणसं आहेत. आत उभ्या असलेल्यांपैकी एकही बोलायला तयार नाही. काही जण मला चिखलीच्या बाजारात भेटतात, हळू आवाजात म्हणतात, ताई, वाईट झालं. हळू आवाज कोर्टात चालत नाही.

सुभद्रा काकूंना हल्ली दम लागतो. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलंय, पावसाळा जपा म्हणालेत. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा त्या खाटेवर उशांना टेकून होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "माह्या वेळेले रडू नोको. मले त्या फाटकापाशी ने, अन् उघडेपरेंत उचलू नोको. वास सुटला तं सुटू दे. त्याहिले येऊ दे वास." मी हो म्हटलं. हो म्हणण्यावाचून दुसरं काय म्हणणार होते? पण ते कसं करायचं, किती माणसं लागतील, पोलीस पुन्हा आले तर कोण उभं राहील, मला ठाऊक नाही. काकूंची खबर सांगायला रोज सकाळी मिलिंदचा फोन येतो; तो वाजला की आधी आभाळाकडे बघते, पाऊस आहे का.

तुम्ही हे वाचून हळहळाल आणि मला कळवाल की काकांचं चित्र छान उतरलंय. कळवू नका. तुमच्या स्वतःच्या गावात जा. तिथं मुर्दे जाळायच्या जागा किती आहेत आणि कुणाची कुठली, हे तुम्हाला माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे. पुढच्या ग्रामसभेला हजर राहा, उभे राहा आणि मोठ्यानं विचारा की सार्वजनिक स्मशानाची किल्ली कुणाकडे असते आणि ती कुणासाठी निघत नाही. लोक वळून बघतील, कुणीतरी तुमची बाही ओढून बसा म्हणेल. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.